शेवंतीताईचं ‘नको’

भांडुपच्या डोंगरावरच्या चाळीत शेवंती परबला सगळे ओळखायचे. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, हसली की डोळे मिटणारी. अक्षरं तिला कधी जमली नाहीत, आकडेही नाहीत. पण सकाळी डेअरीवरून दूध तीच आणायची आणि खवणीवर बसून नारळही तीच खवायची. “वायच बारीक खव गो शेवंते,” आई ओरडायची, आणि शेवंती “खवतंय मां” म्हणत आपल्याला हवा तसाच खवायची.

आई गेली आणि घराची घडी मोडली. धाकटा भाऊ राजेश कुरिअरच्या ऑफिसात, त्याची बायको नीलम दवाखान्यात रिसेप्शनवर. दिवसभर शेवंती एकटी. एकदा गॅस चालूच राहिला. नंतर एकदा ती दूध आणायला निघाली आणि संध्याकाळी विक्रोळीला सापडली. राजेशची झोप उडाली. त्यानं चार ठिकाणी विचारून तिला बोरिवलीच्या एका संस्थेत ठेवलं.

बघायला येणाऱ्याला वाईट वाटावं असं तिथं काही नव्हतं. फरशी चकाचक, भिंतीवर रंगवलेली फुलपाखरं, जेवण वेळेवर. कोणी कोणावर हात उचलत नव्हतं. फक्त धुतलेले कपडे एका ढिगात यायचे आणि हाताला लागेल तो गाऊन त्या दिवशी अंगावर चढायचा. संडासाला आतून कडी नव्हती. सगळ्यांना ‘बाळ’ म्हणायचे, पिकल्या केसांच्या बायकांनासुद्धा. विंचरायचा त्रास नको म्हणून शेवंतीची वेणी कापली गेली. ती स्वयंपाकघरात डोकावली की “बाळ, इथं नाही यायचं” म्हणत कोणीतरी तिला दंडाला धरून टीव्हीसमोर बसवायचं. बसून राहिलं की कोणी रागावत नाही, आणि उठायचं तर विचारून उठावं, हे तिच्या लक्षात आलं. एरवी एखादी गोष्ट शिकायला तिला वर्ष लागायचं. ही ती लगेच शिकली.

मे महिन्यात राजेशनं तिला चार दिवसांसाठी घरी आणलं. ती खुर्चीच्या टोकाला बसली.

“राजू, पाणी पिऊ?”

“पी की. विचारतेस काय?”

थोड्या वेळानं, “राजू, बाथरूमला जाऊ?”

भाजी निवडणाऱ्या नीलमचा हात थांबला. संध्याकाळी शेवंती घराच्या मधोमध बराच वेळ उभी होती. शेवटी हळूच म्हणाली, “बसू?”

राजेश उठून बाहेर गॅलरीत गेला. आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. “ताईला तिथं परत नाही न्यायचं.”

“मग कुठं? मी नोकरी सोडू?” नीलम म्हणाली.

“तसं म्हणतोय का मी?”

“मग या वेळी नीट बघ. नुसती फरशी बघून येऊ नकोस.”

शोधता शोधता तो मुलुंडला मीराकडे पोचला. एका सोसायटीतल्या शेजारच्या दोन फ्लॅटमध्ये सहा बायका राहत होत्या आणि मीरा ते घर चालवत होती. राजेश शेवंतीला घेऊन गेला तेव्हा मीरा तिच्यासमोर बसली.

“शेवंतीताई, तुला चहा आवडतो की कॉफी?”

“चहा, साखर कमी,” राजेश म्हणाला.

“तिला सांगू दे ना.”

शेवंतीनं राजेशकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मीरा थांबली. राजेशला ते थांबणं सोसवेना. शेवटी मीरानं दोन्ही कप आणून ठेवले. बऱ्याच वेळानं शेवंतीनं चहाचा कप ओढून घेतला.

शेवंती तिथं राहू लागली. तिला सगळ्यात आधी आवडली ती बाथरूमची कडी. आत जाऊन ती नुसतीच लावायची, काढायची, परत लावायची. बाकी सगळं अवघड होतं. “उठू?” असं विचारलं की तिथली मदतनीस तेजल उलट विचारायची, “तुला उठायचंय का?” याचं उत्तर काय द्यायचं असतं, शेवंतीला कळेना. तिला रडू यायचं.

पावसाळा संपत आला असताना एका दुपारी तिनं ताट पुढे सरकवलं. “नको.”

“काय म्हणालीस?”

“दुधी नको. घाण लागतो.”

“मीराताई!” तेजल जागच्या जागी नाचलीच. “शेवंतीताई नको म्हणाली!”

पुढचे काही आठवडे मात्र सगळ्यांची वाट लागली. आंघोळ नको, व्यायाम नको, पंखा बंद नको. तिच्याच खोलीत राहणाऱ्या श्वेताला ऑटिझम होता. पंख्याची घरघर तिला सहन व्हायची नाही, ती कान दाबून किंचाळायची. शेवंतीला वाऱ्याशिवाय झोप यायची नाही. समजावून काही होईना, तेव्हा मीरानं आवाज न करणारा टेबलफॅन आणला आणि शेवंतीच्या उशाशी लावला. दोघींची मैत्री काही झाली नाही. पण भांडण मिटलं.

मग एक दिवस शेवंतीनं खवणी मागितली. मीरा समोर पाट टाकून बसली. अर्धी वाटी खवून झाल्यावर हात घसरला आणि बोटाला पातं लागलं. मीरानं मलमपट्टी केली आणि लगेच राजेशला फोन केला. तो तडक आला.

“तिला खवणी दिलीच कशाला तुम्ही?”

“तिला खवायचं होतं. मी समोरच होते.”

“समोर असून बोट कापलंच ना! तिथं निदान—”

तो थांबला. निदान काय? तिथं शेवंतीला काहीच लागलं नव्हतं, कारण ती काही करतच नव्हती.

“ओरडू नको रे,” शेवंती म्हणाली. “बोट माझं. आईचं पण कापायचं.”

राजेश तिच्याशेजारी खाली बसला. त्या दिवशी तो जेवूनच गेला. कालवणात खोबरं जाड राहिलं होतं.

दिवाळीत शेवंती भांडुपला आली. फराळ खाल्ला, शेजारणींना भेटली, नीलमनं आणलेल्या दोन साड्यांतली हिरवी निवडली. भाऊबीज झाली, ओवाळून झालं. दुसऱ्या दिवशी ती पिशवी भरून दाराशी उभी राहिली.

“आणखी राहा ना ताई,” राजेश म्हणाला.

“नको. मला सोड आता. तेजल वाट बघते.”

राजेशला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे तो त्या दिवशी रिक्षात बसून शिकला. शेवंती शेजारी बसून ओळखीची दुकानं आली की बोट दाखवून सांगत होती.

मुलुंडला उतरल्यावर तिनं पिशवी त्याच्या हातून घेतली. “रविवारी ये,” ती म्हणाली, आणि जिना चढू लागली.