बाकावरून उठायचं नाही

दिनकर गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं, सुजातानं केला, तेव्हा मी "कसं काय?" एवढंच तीनदा विचारलं. सुट्टीत तो तिच्याकडं कोकणात, समुद्राकाठच्या गावी गेला होता. वादळ आलं, घर टिकलं, सगळे आत सुखरूप होते... आणि वारा थांबल्यावर हा बाहेर पडला. मग उलट्या दिशेनं वारा परत आला, कुणाच्या तरी छपराचा पत्रा उडाला आणि त्याला लागला. अहो, दिनकरला! चक्रीवादळ शिकवणाऱ्या माणसाला!

कोडोलीच्या शाळेत अठरा वर्षं त्याच्या भूगोलाच्या वर्गाला लागून माझा गणिताचा वर्ग. "समुद्र तापला की वाफ वर जाती, मोकळी जागा भरायला चारी बाजूनं वारं धावतंय, पृथ्वी फिरती म्हणून तेबी गरगरतंय," एवढं सांगून तो पोरांना बाकं बडवायला लावायचा. माझ्या टेबलावरचा खडू हलायचा. मग तो हात वर करायचा. एकदम शांत. "हा वादळाचा डोळा. आता बाकावरून उठायचं न्हाय. जो उठला त्यो मेला! अर्धं वादळ अजून यायचं हाय." हात खाली आला की पुन्हा धुमाकूळ. मी चिडून जायचो, "अरे, भूगोल शिकवतोस की लेझीम?" तर म्हणायचा, "कोल्हापुरात कुठला आलाय समुद्र, लेका? कानानं तरी कळू दे की त्यांना."

मग तो स्वतः का उठला? सुजाता म्हणते, "आप्पा नुसतं 'आलोच' म्हणाले." जावई म्हणतात, तो डोळा आयुष्यात एकदा बघायचा होता त्यांना. शेजारी सांगतात, पत्रे गोळा करायला निघालेल्या लोकांना ते "आत जावा!" म्हणून ओरडत होते. मला शेवटचं खरं वाटतं; मग वाटतं, मला ते खरं हवंय म्हणून तसं वाटतंय. कधी त्याचा एवढा राग येतो की... जाऊ दे. काही कळत नाही मला.

शाळा सुरू झाल्यावर त्याचा तास माझ्याकडं आला. वर्गात कालवा चालला होता. पोरांना गप्प करायला मी सहज हात वर केला. आवाज गप्पकन थांबला. पोरांनी दोन्ही हातांनी बाकं धरली. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी एकही उठलं नाही. सगळी माझ्या हाताकडं बघत होती, आणि तो खाली आणायचं मला धाडस होईना.