तिसऱ्या वाटीतलं दूध

गेल्या हिवाळ्यात भद्रावतीजवळच्या एका गावात माझ्या मोठ्या बहिणीने डुकरिणीची नऊ पिल्लं आईपासून तोडली. आठवडाभरात त्यांतल्या चार पिल्लांना हगवण लागली. फेरीवाल्याकडून घेतलेली पावडर कोंड्यातून दिली आणि दुसऱ्याच दिवशी चारही बरी झाली. बहिणीला संशय आला तो यामुळेच.

आधीच्या वेताला ती दुकानातलं अँटिबायोटिक रोज खाद्यात मिसळत असे. पिल्लं आजारी असोत वा नसोत. मग साथ आली तेव्हा त्याच औषधाची सुई चालली नाही. निम्मी पिल्लं गेली. रोज दिलं तर जंतू औषधाला सरावतात, ते आजारापुरतं ठेवा, असं जनावरांच्या डॉक्टरांनी तेव्हा बजावलं. तेव्हापासून ती कोंड्यात लसूण, हळद, ओवा कालवून वर ताक घालते.

फेरीवाला मोटारसायकलवर आला त्या दिवशी मी तिच्याकडेच होतो. पाकिटावर काही छापलेलं नव्हतं. सूरजागडकडच्या जंगलातली मुळी आहे, एवढंच तो सांगत होता.

"याच्यात औषध तं नाई टाकलं?" बहिणीने विचारलं.

"नाई बाई. निव्वळ जडीबुटी."

"मंग थोडी खाऊन दाखव."

"मी का डुक्कर आहो?"

भाऊजी हसले. पाकीट त्यांनीच घेतलं.

पिल्लं बरी झाल्यावर ते बहिणीला म्हणाले, "उड्या मारून राह्यली पिल्लं. अजून का पाह्यजे तुले?"

"मुळी कधी एका दिवसात हगवण थांबवते का? हे तं सुईवानी चालून राह्यलं. उद्या साथ आली आन् सुई लागू नाई पडली, मंग?"

तिच्याकडे गाय आहे. कास सुजली म्हणून गाईला सुई दिली, की पुढचे काही दिवस तिच्या दुधाचं दही होत नाही. औषध विरजणालाही मारतं, हे गाय पाळणाऱ्या घरात ठाऊक असतं. त्या संध्याकाळी बहिणीने एकाच पातेल्यातलं कोमट दूध तीन वाट्यांत ओतलं. पहिली वाटी नुसती ठेवली. दुसरीत स्वतःचं लसूण-हळदीचं मिश्रण टाकलं, तिसरीत ती पावडर. तिन्हींत सारखंच विरजण घालून वाट्या चुलीजवळ झाकून ठेवल्या.

सकाळी पहिल्या वाटीत दही होतं. दुसरीतही होतं, पिवळट, लसणाच्या वासाचं. तिसरीत दूध होतं.

"विरजण कमी पडलं असन," भाऊजी म्हणाले.

"आज तुमीच लावा."

त्यांनी लावलं. दुसऱ्या सकाळी तिसऱ्या वाटीत पुन्हा दूधच होतं.

मी डॉक्टरांना फोन केला. यावरून संशय घेता येतो, सिद्ध काही होत नाही, असं ते म्हणाले. दुसऱ्या एखाद्या पदार्थानेही दही अडू शकतं. मी नेऊन दिलेला पावडरचा नमुना त्यांनी तपासणीला पाठवला. फेरीवाल्याने दिलेला मोबाइल नंबर बंद लागला.

बहिणीने पावडर बंद केली. त्या चारपैकी दोन पिल्लांची हगवण परतली आणि ती दोन्ही उठेनाशी झाली. या वेळी डॉक्टर स्वतः आले. आधीच्या वेताला वापरलेलं औषध टाळून त्यांनी दुसऱ्या औषधाची सुई दिली.

नमुन्याचा निकाल अजून आलेला नाही. सुईनंतरच्या सकाळी एक पिल्लू उठून ताकाच्या भांड्यापाशी आलं. दुसरं आलं नाही.