गॅलरीतून दिसलेलं

आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत महिन्यातून एकदा एक धारवाला यायचा. सायकल स्टँडवर लावायची, पेडल मारून दगडाचं चाक फिरवायचं आणि सुऱ्या, कात्र्या, विळ्यांची पाती घासून द्यायची, एवढंच त्याचं काम. चाळिशीचा असेल. त्याला मराठी समजायचं, पण बोलायचा हिंदीत, तेही मोजकं. एका रविवारी सकाळी मी त्याला माझ्या दोन सुऱ्या दिल्या आणि पहिल्या मजल्यावरच्या माझ्या घरी चहा टाकायला आले. अर्ध्या तासाने तो आमच्या आवारात जमिनीवर पडला होता आणि माणसं त्याला मारत होती. चौथ्या दिवशी तो हॉस्पिटलमध्ये वारला.

हे मी पोलिसांना सांगितलं, नातेवाइकांना कितीतरी वेळा सांगितलं. दर वेळी खरं सांगतेय अशी माझी खात्री होती.

माझा मोठा भाऊ त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचा. आमचे बाबा गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, आणि बाबा गोरेगावच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. दादा तेव्हा दहावीत होता, मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. तेच घर, तीच आमटी, त्याच बाबांचं तेच गप्प बसणं. त्यातून दादाने घेतलं ते असं, की पुढाऱ्यांच्या नादी लागून आपली माणसं फुकट गेली, बाहेरच्यांनी येऊन आपल्या जागा घेतल्या, आणि आता आपलं आपणच राखायला हवं. मी घेतलं ते असं, की वर बसलेल्यांनी बाबांना फेकून दिलं आणि बाहेरून आलेला माणूस हा बाबांसारखाच कुणीतरी आहे. मोठेपणी दोघं नोकऱ्यांना लागलो, लग्नं झाली, माझे मिस्टर गेले, तरी आमचं हे भांडण संपलं नाही. गणपतीत आरती झाली की मोदक खाता खाता आम्ही सुरू व्हायचो. वहिनी म्हणायची, "तुम्हां दोघांना एकच पेपर दिला तरी दोन वेगळ्या बातम्या वाचाल."

गेल्या काही वर्षांत त्या भांडणातली गंमत गेली होती. तो मला "शहाणी" म्हणायचा, मी त्याला "तुमची माणसं" म्हणायचे. तुझी नाही, तुमची.

त्या आठवड्यात वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. कुठला तरी जुना व्हिडिओ, खाली 'सावध राहा, पुढे पाठवा'. दादानेही पाठवला होता. मी त्यावर टोचून लिहिलं, त्याने मला उत्तरच दिलं नाही. रविवारी वसाहतीत साफसफाईचा कार्यक्रम होता. सोसायटीने सगळ्या पुरुषांना पिवळे टी-शर्ट वाटले होते. कुणी गटार साफ करत होतं, कुणी झाडांना गेरू लावत होतं.

सी विंगमधली चार वर्षांची मुलगी चालत चालत फाटकाबाहेर गेली. तिची आई कपडे वाळत घालत होती. धारवाल्याने पोरीला रस्त्यावर पाहिलं, सायकल आवारातच ठेवून तो बाहेर गेला आणि तिचा हात धरला. इतकं सगळ्यांना मान्य आहे. पुढचं कुणाचंच कुणाशी जुळत नाही.

मी चहाचा कप घेऊन गॅलरीत आले, तेव्हा तो तिला आत आणत होता. मला तसं स्वच्छ दिसलं. दादा खाली होता. त्याला दिसलं की तो तिला बाहेर ओढतोय आणि ती रडतेय. मग दादाचा आवाज ऐकू आला, "पकडा त्याला!" माणसं धावली. कुणीतरी त्याच्या खांद्यावरची पिशवी उलटी केली, आणि सुऱ्या खळकन जमिनीवर पडल्या. दहा-बारा असतील. एकजण ओरडला, "हत्यारं आहेत रे!" त्यानंतर त्याला कुणी काही विचारलं नाही.

त्यातल्या दोन सुऱ्या माझ्या होत्या. एकीला काळी मूठ, दुसरीला दोरा गुंडाळलेला. वरूनही मी त्या ओळखल्या.

मला आठवतं ते असं. मी ओरडले, "थांबा, तो धारवाला आहे, त्या माझ्या सुऱ्या आहेत!" आणि कप टाकून जिन्याने धावत खाली गेले. मी पोचले तेव्हा दादा त्याच्या अंगावर वाकून हाताने मारत होता. वर, खाली, वर, खाली.

पोलिसांनी जबाब घेतले, तेव्हा वसाहतीतल्या सगळ्यांनी "आम्ही नव्हतो" असं सांगितलं. मी सांगितलं. जे बघितलं ते सांगायचं, मग तो भाऊ का असेना, असं मनाशी म्हणत सांगितलं. साहेबांनी दोनदा विचारलं, "मॅडम, नक्की? सख्खा भाऊ आहे तुमचा."

"नक्की," मी म्हणाले.

खोटं कशाला बोलू, तेव्हा मला आतून थोडं बरंही वाटलं होतं. इतकी वर्षं मी त्याला सांगत होते की हे असलं डोक्यात भरून घेतलंस तर एक दिवस तुझा हात कुणावर तरी उठेल. तो उठला होता.

दादाला घेऊन गेले. साठीला आलेला माणूस, साखरेच्या गोळ्या चालू. वहिनी वर आली, पण माझ्या दारात उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. "ताई, तुम्ही त्यांना बघितलंत? तोंड बघितलंत त्यांचं?"

"बघितलं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि खाली गेली.

वसाहतीचा कॅमेरा बंद होता. पण फाटकासमोरच्या औषधाच्या दुकानाचा कॅमेरा चालू होता, आणि ते चित्रण आठ दिवसांनी पोलिसांच्या हाती आलं. मला बोलावून घेतलं. छोट्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी ते पाहिलं. आवाज नव्हता.

धारवाला आणि मुलगी फाटकाच्या अगदी तोंडाशी उभे होते. ना आत येत होते, ना बाहेर जात होते. मुलीची चप्पल निघाली होती आणि तो वाकून ती तिच्या पायात घालत होता. दादा पुढे आला, त्याने हात वर केला, तोंड उघडलं. मग पिवळ्या टी-शर्टांची गर्दी. एकजण वाकून मारत होता, वर, खाली, वर, खाली. साहेबांनी चित्र थांबवून मोठं केलं. तो दादा नव्हता. तिशीतला कुणीतरी होता, केस काळे. दादा त्याच्या मागे होता, त्याच पिवळ्या टी-शर्टात, आणि त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचत होता. त्याला जमत नव्हतं. एकदा तो स्वतःच पडला.

"आणि ह्या तुम्ही ना?" साहेबांनी कोपऱ्यात बोट ठेवलं.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई उभी होती. हातात कप. ती ओरडत नव्हती, वाकली नव्हती, कुणाला हात करत नव्हती. नुसती उभी होती. मारणारे बाजूला झाले, दादा त्या माणसाजवळ खाली बसला, कुणीतरी पाणी आणलं, तरी ती बाई तिथेच होती. नंतर ती हळूच आत गेली.

"पुन्हा लावा," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा लावलं. ती बाई पुन्हा तशीच उभी राहिली.

दादा सुटला. मी तळमजल्यावर गेले, तेव्हा तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. कोठडीत तो बराच उतरला होता.

"दादा, माझं चुकलं. टी-शर्ट सगळ्यांचे सारखे..."

"टी-शर्ट सारखे होते," तो म्हणाला. "पण तुला मीच दिसलो. तुला मी तिथे हवा होतो गं."

का कोण जाणे, मी विचारलं, "तू ओरडलास ना, पकडा त्याला म्हणून?"

"मी म्हटलं, विचारा त्याला."

"मी ऐकलं, दादा."

"तू मला मारतानाही बघितलंस."

मग तो हट्टाने म्हणाला, "आणि तो पोरीला बाहेर नेत होता. चप्पल घालत होता तर बाहेर न्यायलाच घालत होता ना?" वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला म्हणाली, "ताई, आता तुम्ही जा."

पुढच्या वर्षी त्यांनी जागा भाड्याने दिली आणि ते गावाला, मालवणकडे निघून गेले. टेम्पोत सामान चढत होतं, तेव्हा मी जिन्यात उभी होते. दादाने वर पाहिलं नाही.

चित्रणावरून आणि मी ओळखलं त्यावरून पकडलेल्यांची केस दिंडोशीच्या कोर्टात उभी राहिली. चित्रणात तोंडं दिसत होती ती दोघा-तिघांचीच, तीही अर्धीमुर्धी. बाकी सगळं साक्षीदारांवर होतं, आणि साक्ष द्यायला मी एकटीच तयार होते. आरोपींच्या वकिलाने आवाजही चढवला नाही. "बाई, तुम्ही स्वतःच्या भावाला ओळखायला चुकलात. आणि तुम्ही खाली धावलात असं जबाबात आहे. धावलात का?"

"नाही."

"मग इतरांना तुम्ही बरोबर ओळखलंत, हे कोर्टाने कसं मानायचं?"

मी मारणाऱ्या तरुणाकडे पाहिलं. तो समोर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मला वाटलं तोच आहे. पण तसं तर मला दादाबद्दलही वाटलं होतं. मी म्हणाले, "मला आता खात्रीने सांगता येणार नाही."

सगळे सुटले. माझ्यामुळे सुटले, असं म्हणायला हरकत नाही.

बाहेर पायऱ्यांवर धारवाल्याची बायको तिच्या भावाबरोबर उभी होती. प्रत्येक तारखेला ती यायची आणि मराठीत काय चाललंय ते भाऊ तिला समजावून सांगायचा. ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिने विचारलं, "आपने तो देखा था ना? वो आखिर में कुछ बोले क्या?"

तो काय बोलला, मला माहीत नाही. बोलला होता एवढं आठवतं, त्याचे ओठ हलत होते. पण ते तरी मी पाहिलंय का, आता कुणास ठाऊक. ती वाट बघत उभी होती. "पानी माँगा था," मी म्हणाले.

तिने मान हलवली, भावाला ते सांगितलं, आणि दोघं रिक्षा शोधायला रस्त्याकडे गेले.