आज्जाची शाळा सकाळची

लेक गुंदच्या स्टॉपवर बसमधून उतरली ती एका हातात चार वर्षांची पोर आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची फाईल घेऊन. बेळगावात ती आणि जावई दोघंही नोकरीला. नातीच्या बालवाडीला आठवडाभर सुट्टी होती, म्हणून पोर आमच्याकडं राहणार होती. कपड्यांची पिशवी लेकीनं आईच्या हातात दिली आणि फाईल माझ्या. आत सहा कागद होते, सोमवार ते शनिवार, दिवसाला एक. सोमवारी वर्तुळ ओळखणं. मंगळवारी रंग वेगळे करणं. बुधवारी बारापर्यंत मोजणं. प्रत्येकापुढं वेळ, लागणारं सामान, आणि शेवटी मुलाला काय विचारायचं ते. साहेब नव्या गार्डाला काम समजावतात तसं तिनं मला ते समजावलं. मी मान हलवत राहिलो.

लेकीची परतीची बस वळणाआड गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "गोल शिकवायला वीस मिनिटं? भाकरी दाखव, झालं."

फाईल तिनं तांदळाच्या डब्यावर ठेवली.

माझं म्हणणं असं होतं की मला कुणी शिकवायची गरज नाही. मी जंगलखात्यात वॉचर होतो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं कुळगीच्या निसर्ग शिबिरात, शहरातून येणाऱ्या शाळेच्या पोरांना जंगल दाखवण्यात गेली. पोरं टाळ्या वाजवायची, त्यांच्या मास्तरणी वहीत लिहून घ्यायच्या. आता स्वतःच्या नातीला कागदाच्या टिकल्या चिकटवायला शिकवू? मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, पट्टीनं रेघा मारल्या, आणि वर लिहिलं : वार, स्थळ, विषय, शेरा. खात्यात राहिलेल्या माणसाला शेऱ्याचा रकाना लागतोच.

सोमवारी सकाळी तिला शेताच्या कडेला नेलं. रात्री गवा येऊन गेला होता, ओल्या मातीत खूर स्वच्छ उमटले होते. मी उकिडवा बसलो आणि गवा किती मोठा, किती वजनाचा, कुठून आला, कुठं गेला, सगळं सांगितलं. नातीनं वाकून बघितलं.

"खड्डा हाय," ती म्हणाली.

मग दोन्ही पाय जुळवून तिनं त्यात उडी मारली. पुढच्या खुरात मारली. त्याच्या पुढच्यातही मारली. तो माग मला बांधापर्यंत दाखवायचा होता, तो तिनं बांधापर्यंत पुसून काढला. शेऱ्यात मी लिहिलं : उत्साह चांगला.

मंगळवारी पक्षी. उजाडता उजाडता तिला उचलून ओढ्यावर नेलं. ती माझ्या खांद्यावर झोपली. धनेशाची जोडी डोक्यावरून गेली, पंखांचा आवाज असा की झोपलेला माणूस जागा व्हावा. ती झाली नाही. मी बोट वर करून दोन वाक्यं बोललोसुद्धा, कारण सवय. शेऱ्यात लिहिलं : धनेश दिसले. कुणाला दिसले हे विचारणारा रकाना मी आखला नव्हता.

बुधवारी झाडं. गोठ्यामागं ऐनाचं मोठं झाड आहे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, आणि हे सांगितलं की शहरातली पोरं हटकून हात लावून बघतात. मी तिचा हात धरून सालीवर ठेवला आणि म्हणालो, "ही बघ मगर." तिनं जो भोंगा लावला तो शेजारच्या घरापर्यंत गेला. त्यानंतर ती गोठ्याकडं पाऊल टाकेना. म्हशीला बघायची तिला केवढी हौस, तीही गेली.

बायको म्हणाली, "अवो, झाडाचं झाड राहू दे की. मगर कशाला आणलासा?"

मी जेवून आडवा झालो. तास-दीड तासानं पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर दोघी जमिनीवर मांडी घालून समोरासमोर बसलेल्या. मधे वालाचे दाणे, त्यांचे लहान लहान ढीग. लेकीची फाईल उघडी. बायको चौथीपर्यंत शिकलेली, तीही कन्नड शाळेत. मराठी कागदावर बोट ठेवून ती एकेक अक्षर जुळवत होती. ती अडली की नात दाणे मोजायची थांबत होती आणि ती पुढं गेली की पुन्हा मोजत होती. भिंतीला कागदाची पाच-सहा वर्तुळं चिकटवलेली होती. म्हणजे हे सोमवारपासून चालू होतं.

"माझ्या मागं चाललंय हे?" मी विचारलं.

"मागं कसलं? तुमची शाळा सकाळची, आमची दुपारची," बायको म्हणाली. "तुम्ही झोपता तवा."

नात म्हणाली, "आज्जा, बोलू नको. अकरा झाल्यात."

हे मला झोंबलं. गुरुवारी मी ठेवणीतला खेळ काढला. भेकर हरणाचा भुंकल्यासारखा आवाज मला हुबेहूब काढता येतो. शिबिरात शेवटच्या दिवशी मी तो काढायचो आणि पोरं पुन्हा पुन्हा मागायची. अंगणात उभा राहून, तोंडाशी हात धरून मी तीनदा भुंकलो. नात आत पळाली आणि तांब्या घेऊन आली.

"आज्जा, खोकला आला? पाणी पी," म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली.

मी पाणी प्यालो. दुसरं काय करणार.

आमच्या घरात फोन लागत नाही. चढावरच्या वळणावर गेलं की लागतो. रोज संध्याकाळी पाच वाजता तिघं तिथं जायचो आणि लेक फोनवर तोंड दाखवायची. त्या दिवशी नातीनं गोल दाखवले, रंगांची नावं सांगितली, बारापर्यंत मोजून दाखवलं.

"आणि आज्जानं काय शिकवलं?" लेकीनं विचारलं.

"आज्जा सांगतो," नात म्हणाली. "मग झोपतो."

बायको पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघायला लागली. मी फोन घेतला. इतकी वर्षं किती पोरांना जंगल शिकवलं, कुणाची तक्रार नव्हती, तुमच्या कागदांनी पोरीचं डोकं बिघडलंय, असं बरंच बोललो. लेक ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली,

"आप्पा, मी धनेश पहिल्यांदा कधी बघितला, ठाऊक आहे? कॉलेजच्या सहलीत. दाखवायला तुम्हीच होता. सगळ्यांनी सर म्हणायचं, असं तुम्ही सांगितलं होतं. मीही सरच म्हटलं."

ती सहल मला आठवत होती. सगळ्यांत शिस्तीची आमचीच पोरगी, याचा मला त्या दिवशी अभिमानसुद्धा वाटला होता. त्याआधी तिला कधी ओढ्यावर नेलं का, हे आठवून बघितलं. सुट्टीवर घरी आलो की मी झोपायचो.

"ऐकू येईना बघ," मी म्हणालो. "रेंज गेली."

फोनवर चारी काड्या होत्या. मी तो बायकोच्या हातात दिला.

शुक्रवारी सकाळची शाळा भरली नाही. दुपारी मी न बोलावता स्वयंपाकघरात जाऊन बसलो. बादलीत काय बुडतं, काय तरंगतं, असा धडा होता. लाकूड का तरंगतं हे सांगायला मी तोंड उघडलं तर बायको म्हणाली, "आधी तिला टाकू दे." मला टॉवेल धरायचं काम मिळालं. चमचा बुडाला, साबणाचा रिकामा डबा तरंगला. मग नातीनं मी बाजारातून आणलेली अंडी एकेक करून पाण्यात सोडली. चार बुडाली, दोन वर आली. बायकोनं ती दोन नासकी म्हणून उचलून लांब फेकून दिली. त्याच अंड्यांतली दोन मी सकाळी खाल्ली होती, त्याचा विचार मी रात्रीपर्यंत करत राहिलो.

रविवारी लेक आली, जेवली, पोरीचे कागद बघत बसली. मी समोर होतो. फोनवर तिनं जे म्हटलं त्यावर काहीतरी बोलायचं मी ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "बस वेळेवर सुटते न्हवं?" ती व्हय म्हणाली.

त्या गेल्यावर बायकोनं विचारलं, "बोललासा काय तिच्याशी?"

"काय बोलायचं?"

"मग राहिलंच म्हणा," ती म्हणाली आणि बादली उचलून गोठ्याकडं गेली.

महिन्यानं लेकीनं पुढच्या सुट्टीचा कागद फोनवर पाठवला. वळणावर उभा राहून मी तो वाचला. या वेळी वारांपुढं माणसंही लिहिली होती. पानं गोळा करणं : आई. चित्रं चिकटवणं : आई. गोष्ट सांगणं : पोरगी स्वतः. त्यापुढं लिहिलं होतं, ऐकणं : आप्पा. खाली रेघ मारून, मधे बोलायचं नाही.

घरी येऊन मी बायकोला ते वाचून दाखवलं.

"जमंल काय तुम्हाला?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, बघू.