तारीख मागणारी मुलगी

"हे काय लिहिलंस?"

मोठ्या साहेबांनी माझा कागद हवेत धरला आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा वाचला. मी इंग्रजीत लिहिलं होतं. त्यांनी मुद्दाम मराठी करून वाचलं. "वडील मेंढपाळ. आई मेंढपाळ. घराण्यातली पहिली पदवीधर."

मुन्शी हसला. बाकावर बसलेले पक्षकार हसले. निवृत्त जज्जसाहेब मात्र हसले नाहीत. चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "बेटा, ही वकिलांची माहितीपुस्तिका आहे. मेंढरांची शिरगणती नाही."

मग हशा दुप्पट झाला. आणि मीही हसले. मला राग त्यांच्या हसण्याचा नाही तेवढा माझ्या हसण्याचा आहे.

अंबाजोगाईत मोठ्या साहेबांचं वकिलीचं ऑफिस होतं; निवृत्तीनंतर सनद घेऊन जज्जसाहेबही त्यांच्याबरोबर तिथे बसत. त्याची चकचकीत पुस्तिका छापायची होती. इंग्रजी बरं फक्त माझं, म्हणून सगळ्यांचे परिचय मी लिहिले. पंधरा दिवस वही घेऊन एकेकासमोर बसले. मोठ्या साहेबांच्या परिचयात त्यांचे वडील आले, आजोबा आले, आजोबांची निजामाच्या काळातली वकिली आली. जज्जसाहेबांनी आपल्या बदल्यांची गावं ओळीने सांगितली आणि "निर्भीड" हा शब्द दोनदा घालायला लावला. मी घातला. शेवटच्या पानावर कनिष्ठ वकील म्हणून माझ्या चार ओळी टाकल्या. वडील त्यांनीही सांगितले, मीही सांगितले. हसू फक्त माझ्या वडलांचं आलं.

साहेबांनी चार ओळींवर काट मारली. वर म्हणाले, "कुणाच्या शाळेत शिकलीस ते लिही की. अध्यक्षांना बरं वाटेल."

शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांच्या शाळेत मी शिकले, हे खरं होतं. आमचं बिऱ्हाड वडवणीकडचं, पण पावसाळा सोडला तर रानोमाळ. वडलांनी एकदा अध्यक्षांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. खूश होऊन अध्यक्षांनी मला आपल्या इंग्लिश स्कूलच्या वसतिगृहात फुकट ठेवून घेतलं. दर पंधरा ऑगस्टला मला स्टेजवर उभं करून सांगत, "ही बघा, धनगराची पोरगी. फाडफाड इंग्रजी." मी खाली मान घालून फाडफाड इंग्रजी बोलत असे. मान खाली घालायची सवय तिथलीच.

याच अध्यक्षांची उपसा सिंचन सहकारी संस्था. ती आमच्या ऑफिसची सर्वांत मोठी पक्षकार. टँकरचं वर्ष होतं. संस्थेने तळ्याला काटेरी तारेचं कुंपण घातलं. आत सभासदांच्या उसाला मोटारी चालू, बाहेर डोंगरपट्ट्यातली मेंढरं तारेला नाक लावून उभी. सुंदराबाई नावाच्या मेंढपाळ बाईने संस्थेवर दावा लावला. मागणी एवढीच होती, निकाल लागेपर्यंत जनावरांना पाण्यावर जाऊ द्या. हा अर्ज एका दिवसात ऐकून होण्यासारखा होता.

म्हणून तो ऐकला जाऊ द्यायचा नव्हता.

जज्जसाहेबांनी मला समोर बसवून शिकवलं. "उभी राहा. मान थोडी खाली. आवाज हळू. इंग्रजीत म्हण, माझे सीनियर दुसऱ्या कोर्टात व्यस्त आहेत, पुढची तारीख मिळावी. मी खुर्चीवर असताना अशा मुलीला कधी नाही म्हणालो नाही."

मोठे साहेब म्हणाले, "हिला नाटक करावं लागत नाही. ही आहेच तशी."

आयुष्यभर ज्या बुजरेपणाची मला लाज वाटली, तो त्यांनी हत्यारासारखा उचलला. मी तीन वेळा गेले. तिन्ही वेळा साहेब ऑफिसात होते. तिन्ही वेळा मी मान खाली घालून खोटं बोलले आणि तारीख मिळाली.

पहिल्या तारखेला सुंदराबाईला वाटलं मी कोर्टाचीच कुणीतरी आहे. "बाय, आज हुईल का गं?" दुसऱ्या तारखेला तिला कळलं मी कोण. तिसऱ्या तारखेला ती व्हरांड्यात माझ्या समोर येऊन उभी राहिली. "आता ही तारीख पाजू का मेंढरान्ला? पंचवीस मेली. तुला कुणाची म्हनायची गं?"

मी कुणाची हे तिला माझ्या तोंडावरून कळलं असणार. अशा तोंडांच्या घरातच ती राहते.

चौथ्या तारखेला ऑफिसात पुस्तिकेचे फोटो काढायचे होते. लातूरहून फोटोग्राफर आला होता. दोघे साहेब नव्या काळ्या कोटात, मागे कायद्याच्या पुस्तकांची भिंत. मी दाराशी घुटमळले. "तू नको," मोठे साहेब म्हणाले. "तू कोर्टात जा. तारीख घे. आणि येताना गुलाबाचा हार आण, अध्यक्ष येणार आहेत."

कोर्टात पुकारा झाला. मी उभी राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, "संस्थेचे वकील?"

इंग्रजी वाक्य जिभेवर तयार होतं. मागच्या बाकावर सुंदराबाई बसली होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. तिला माझं वाक्य आता पाठ झालं होतं.

मी मान वर केली. मराठीत बोलले. "साहेब कुठल्याही कोर्टात नाहीत. ऑफिसात आहेत. फोटो काढून घेत आहेत."

कोर्टात कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "आणि मागच्या तारखांना?"

"तेव्हाही ऑफिसातच होते. मी खोटं बोलले."

आवाज बारीकच निघाला. पण शेवटच्या बाकापर्यंत गेला.

अडीच वाजता युक्तिवाद, संस्थेचा वकील नसेल तर एकतर्फी ऐकू, असा हुकूम झाला. अडीचला मोठे साहेब आले. गालावर फोटोसाठी लावलेली पावडर तशीच होती. तासभर बोलले. अप्रतिम बोलले. सुंदराबाईचा अर्ज नामंजूर झाला.

बाहेर आल्यावर ते माझ्याजवळ वाकून म्हणाले, "मेंढरं राखायच्या लायकीची होतीस. आम्ही कोट घातला तुला. या जिल्ह्यात कोण उभं करतं तुला ते बघतो." जज्जसाहेब बाजूलाच होते. त्यांनी नुसतं घड्याळ बघितलं.

मला वाटलं, निदान सुंदराबाई काही बोलेल. ती बोलली. "खरं बोललीस बाय. पर आदी कावून न्हाई बोललीस? पयल्या तारकंला पन्नास व्हती. आता बारा हायत."

तिने माझ्याकडे पाठ फिरवली आणि बसस्टँडच्या वाटेला लागली.

तिचं वकीलपत्र मी घेऊ शकत नाही. समोरच्या बाजूला उभी राहिलेली मी, कायदा तशी मुभा देत नाही आणि कायद्याचं इथे बरोबर आहे. अपिलासाठी तिला दुसरा वकील लागेल. त्याला साक्षीदारही लागेल. ती मी होईन.

आज वकिलांच्या परिषदेकडे शिस्तभंगाची तक्रार लिहून काढली. तीन तारखा, तीन खोटी कारणं, ती कुणी शिकवली, कुणाच्या तोंडून वदवली. जज्जसाहेबांचे शब्द जसेच्या तसे घातले. सामनेवाला क्रमांक एक, मोठे साहेब. क्रमांक दोन, निवृत्त जज्ज. क्रमांक तीनला माझं स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण, वडलांच्या नावासकट.

माझी सनद गेली तर जाऊ दे. त्यांच्या सनदेच्या आधी मी ती जाऊ देणार नाही.