गंगूताईंचा निरोप

औंढ्याला नागनाथाच्या देवळामागच्या गल्लीत खुर्शीदबी मन्यारीण राहायची. अंगानं सुटलेली, तोंडानं फटकळ, पण हात असे मऊ की ज्या मनगटापुढं दुसरी मन्यारीण हात टेकायची, तिथं ही गप्पा मारता मारता डझनभर काकणं चढवून मोकळी व्हायची. कुणी गुपित विचारलं तर म्हणायची, "हात दाबून नरम होत न्हाई गं. बाईला बोलू द्यावं. मन सैल झालं की पंजा आपसूक सैल होतो."

त्याचा परिणाम असा, की औंढ्यापासून पार पुसेगावपर्यंतच्या बायांची दुखणी तिच्या पोटात साठली. नवरा हैदर तट्टावर माल लादून पुढं चालायचा, ही मागून. निजामाच्या अमलातल्या त्या मुलखात लग्नकार्य असो की सण, काकणाला सगळ्यांनाच मन्यारीण लागायची. ब्राह्मणाच्या घरी तिला ओसरीच्या आत पाऊल नव्हतं, पण ओसरीवर बसून त्या घरच्या सुनेचा हात मांडीवर घ्यायला कुणाची ना नव्हती. तिला स्वतःला मूल झालं नव्हतं. ते दुःख सांगावं अशी मन्यारीण तिला कुठं मिळणार? ते तिनं गिळलं होतं.

देवळातल्या विष्णुपंतांची बायको गंगूताई, आणि त्यांची एकुलती एक लेक अनुसूया. अनुसूया पुसेगावला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. मुलगा झाला आणि संध्याकाळच्या आत गेला. अनुसूयाला ताप चढलेला. गंगूताईंनी तिला सांगितलं, लेकरू दाईकडं आहे, तुझा ताप उतरला की आणते. छाती दुधानं ठणकत होती, ती पुन्हापुन्हा विचारत होती आणि घरातला जो तो हसून "आणतो हं" म्हणत होता. ताप उतरल्यावर खरं सांगितलं. तोवर लेकरू पुरून झालं होतं.

अनुसूया रडली नाही. आईला एवढंच म्हणाली, "मला त्याचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस. आता तूही माझं बघू नकोस." ती पुसेगावला गेली ती माहेरी परत आलीच नाही. गंगूताई दोनदा भेटायला गेल्या, तर ही भिंतीकडं तोंड करून बसली.

काही वर्षांनी अनुसूयाला पुन्हा दिवस गेले, आणि इकडं गंगूताईंनी हिवतापानं अंथरूण धरलं. त्यांनी खुर्शीदबीला बोलावून घेतलं. सोवळं-ओवळं बाजूला ठेवून तिचा हात धरला.

"अनूला सांग, चुकलं माझं. मला वाटलं, कळलं तर तीही हातची जाईल. पण लेकरू एकदा तिच्या मांडीवर द्यायला पाहिजे होतं."

"ताई, तुमीच सांगा ना. गाडी धाडायला लावू का?"

"माझ्यासाठी नाही यायची ती. तुझ्यापाशी बोलते. तूच सांग."

त्याच आठवड्यात गंगूताई गेल्या. खुर्शीदबी पुसेगावला निघायच्या तयारीत असताना विष्णुपंतांनी तिला गाठलं. म्हणाले, "अनूला कळता कामा नये. आधी सुखरूप सुटका होऊ दे. सुतक कानावर आल्यावर लागतं. ऐकलंच नाही तर सुतकही नाही. तिच्या सासरीही तसंच कळवलंय."

खुर्शीदबीचं टाळकं सरकलं. "पंत, एकदा असंच झाकलं व्हतं. काय झालं ते तुमी डोळ्यानं पाह्यलं न्हाई का?"

"ते वेगळं होतं," पंत म्हणाले.

वेगळं! माणूस तीच चूक दुसऱ्यांदा करायला निघतो तेव्हा ती त्याला हमखास वेगळी दिसते. पण पुढं पंत एकदम लेकरासारखे रडायला लागले. "एक गेली. आता हीही गेली तर मी कुणाकडं बघू?" आणि खुर्शीदबी विरघळली. हिनं कधी पोटुशीपण निभावलेलं नाही, म्हणून तिला पोटुशीची भलती धास्ती. तिनं मान हलवली.

पुसेगावच्या ओसरीवर तिनं अनुसूयाचा हात घेतला आणि गंगूताईंचा निरोप शब्दन् शब्द सांगितला. फक्त सांगणारी आता नाही, एवढं तेवढं गाळलं. हातातला पंजा घट्ट मिटला.

"तिनं स्वतः यावं आणि हे म्हणावं," अनुसूया म्हणाली.

खरं सांगायची वेळ हीच होती. पण सासू पार्वतीबाई दारात उभी राहून डोळ्यांनी विनवत होती. खुर्शीदबी बोलून गेली, "येतील हो, जरा गुडघे धरलेत त्यांचे."

मग काय, एक खोटं झाकायला दुसरं आलंच. पुढल्या फेरीला तिनं निरोप आणला, आई म्हणाल्या तिखट कमी खा. त्याच्या पुढल्या फेरीला, आई म्हणाल्या जड घागर उचलू नको. गंगूताईंची बोलायची ढब तिला पाठ होती, निरोप रागवायचा असला तर ती तसं रागवून दाखवायची. अनुसूया आधी नुसती ऐकायची. मग एक दिवस तिनं विचारलं, "अजून खोकते का हो ती?" खुर्शीदबीचं तोंड म्हणालं, "थोडं थोडं."

सातव्या महिन्यात चोळी आणि हिरवी काकणं माहेरची, म्हणजे आईची. पंतांनी ती खुर्शीदबीच्या टोपल्यात ठेवली. त्या दिवशी एकही काकण अडलं नाही. इतका सैल हात अनुसूयाचा लग्नाआधीसुद्धा नव्हता. रीतीप्रमाणे तिनं भरल्या हातांनी खुर्शीदबीला नमस्कार केला आणि म्हणाली, "आईला सांगा, सुटका झाली की लेकरू घेऊन येते. म्हणावं, आता माझ्या मनात काही नाही."

वेशीबाहेर बाभळीखाली बसून खुर्शीदबी हंबरडा फोडून रडली. हैदर म्हणाला, "काहून रडून राहिली? जा, सांगून टाक."

"आता? कोणत्या तोंडानं?"

अनुसूयाला मुलगी झाली. बारशाला आई आली नाही म्हणून ती हटून बसली, तेव्हा नवऱ्यानं तिला खरं सांगितलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं. पण झालं भलतंच. तिला ते पटेना.

"पुन्हा खोटं बोलताय," ती म्हणाली. "परवापरवापर्यंत तिनं निरोप धाडले. बांगड्या धाडल्या. मेलेलं माणूस निरोप धाडतं का?"

घरच्यांनी आणाभाका घेतल्या. पंत येऊन लेकीपुढं रडले. ती कुणाचं ऐकेना. आपल्याला आईकडं जाऊ द्यायचं नाही म्हणून सगळे एक झालेत, हे तिच्या मनानं घेतलं. लेकरू पोटाशी धरून ती औंढ्याच्या वाटेला लागायची, लोक धरून आणायचे. अन्न सुटलं, दूध आटायला लागलं, मुलगी रडून रडून निळी पडायची. बाधा झाली म्हणून लिंबं उतरून टाकली, धागे बांधले. अनुसूया एकच घोकत होती, "खुर्शीदबीला बोलवा. ती खरं सांगेल."

खुर्शीदबी आली. ओसरीवर सगळं घर जमलं होतं. तिला बघून अनुसूया हसली, आपणहून हात पुढं केला. "सांगा यांना."

खुर्शीदबीनं तो हात दोन्ही हातांत धरला. "पोरी, आई गेल्या. तुला चौथा महिना व्हता तवाच गेल्या. म्या खोटं बोलत व्हते."

या बाईवर मात्र अनुसूयाचा विश्वास होता, म्हणून ते तिला पटलं. मग तिनं शांतपणे विचारायला सुरुवात केली.

"तिखट खाऊ नको म्हणाली, ते?"

"म्या बनवलं."

"घागरीचं?"

"ते बी."

"बांगड्या?"

"तुज्या बापानं दिल्या."

"आणि चुकलं म्हणाली, ते?"

"ते खरं हाय!" खुर्शीदबी ओरडलीच. "खुदाची कसम, नागनाथाची आण, तेवढं खरं हाय पोरी. माह्या हातात हात देऊन बोलल्या त्या. लेकरू एकदा मांडीवर द्यायला पाह्यजे व्हतं म्हणाल्या. तेवढंच सांगायला तर म्या आले व्हते!"

"छान बनवता तुम्ही," अनुसूया म्हणाली, आणि तिनं आपला हात हळूच काढून घेतला.

त्या दिवसापासून ती जेवायला लागली. औंढ्याची वाट तिनं पुन्हा धरली नाही. मुलीचं सगळं नीट करायची, कामाला चुकायची नाही, बोलायची मात्र लागेल तेवढंच. लोक म्हणाले, बरी झाली. खुर्शीदबीला मात्र त्या हाताची ओळख होती, आणि तो आता कुणापुढंच सैल व्हायचा नाही हे तिला कळून चुकलं होतं. आपण एका मेलेल्या बाईचा शेवटचा शब्द मातीत घातला, या विचारानं ती रात्रंदिवस जळत राहिली. बोलकी बाई ती, पण बायांना बोलतं करायचं तिनं सोडून दिलं. मुकाट्यानं काकणं भरायची आणि उठायची.

रझाकारांची धामधूम आली, मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल गेला. त्या धास्तीत हैदरनं तट्टू विकलं. खुर्शीदबी टोपलं डोक्यावर घेऊन पुसेगावला जायचीच. टोपलं खाली ठेवून अनुसूयाच्या ओसरीसमोर उभी राहायची आणि पदर पसरून सांगायची, "आई खरंच बोलल्या व्हत्या गं, चुकलं माझं म्हून." अनुसूया ऐकून घ्यायची. आतून ताक आणायची, बोट लागू न देता वरून ओतायची आणि मनगटं पदराखाली घ्यायची.

एकदा तिच्या मुलीनं, ती आता शहाणी झाली होती, विचारलं, "आई, ही बाई दरवेळी येऊन काय सांगते?"

"खोटं सांगते," अनुसूया म्हणाली. "पण माझ्या भल्यासाठी सांगते."