तिसऱ्या मजल्यावरची निंदणी

आमच्या जळगावच्या फ्लॅटमध्ये समुद्र आहे. हॉलमध्ये, पूर्वी टीव्ही असायचा त्या जागी, चार फुटी काचेच्या टाकीत. खरा समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात गोडं पाणीच जपून वापरायची सवय. त्यामुळे मी विकतचं मीठ कालवून बादल्याच्या बादल्या खारं पाणी तयार करते हे ऐकलं की लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात. बघू देत. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी निम्मी हयात गेली आहे. पाणी मला कळतं, असा माझा ठाम समज होता.

टाकी मी हौसेने आणली, पण खरा लळा लावून घेतला तो आबांनी. आबा म्हणजे माझे सासरे. सगळं आयुष्य धरणगावजवळच्या खेड्यात, कापसाच्या शेतात गेलेलं. सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो, आणि पहिले दोन महिने हा माणूस खुर्चीत नुसता बसून होता. बोलायचे नाहीत, खाली उतरायचे नाहीत. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "माले गावले कव्हय धाडशात?" गावी घर होतं, पण घरात माणूस नव्हतं. दोन्ही गुडघे धरलेले, रक्तदाबाची गोळी आठवण केल्याशिवाय घ्यायचे नाहीत. त्यांना तिथे एकटं सोडणं म्हणजे काय, हे नवऱ्याला आणि मला पुरतं ठाऊक होतं. मग टाकीत दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे आले आणि आबांनी आपली खुर्ची उचलून टाकीसमोर नेली. गावाचं विचारणं हळूहळू बंद झालं. ती टाकी आता काही झालं तरी टिकायलाच हवी होती.

दिवाळी झाली आणि वाळूवर एक लालसर डाग दिसला. दोन दिवसांत त्याची चादर झाली. वाळलेल्या मेंदीचा रंग, वर बारीक बुडबुडे, आणि झाकण उघडलं की कुबट वास. दिसायला हे शेवाळ, पण असतात जिवाणू, आणि महाचिवट. सकाळी नळीने ओढून बादलीत काढावेत तर संध्याकाळी परत हजर. जोडीला दगडांवर खरं शेवाळही माजलं, हिरवं, केसाळ.

मी कंबर कसली. पाण्याचा फिल्टर बदलला, मीठ बदललं, दिवा वेळेवर आपोआप बंद व्हावा म्हणून घड्याळाला जोडला. नवरा चोरून दिवा चालू ठेवतो असा संशय घेऊन त्याच्याशी दोनदा भांडले. रोज पाणी तपासायचे, तर नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही चढलेले. म्हणजे पाण्यात कुठूनतरी अन्न जात होतं. पण माशांचं खाणं मी स्वतः घालत होते, दिवसातून एकदा, चिमूटभर. पाण्यावर कधी कधी तेलाचा तवंग दिसायचा. ती फोडणीची वाफ असेल म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला लागले. एवढी हुशार मी.

शेवटी माशांच्या दुकानदाराने एक पुडी दिली. "मॅडम, टाकून द्या. दोन दिवसांत लाल काही शिल्लक राहणार नाही." खरंच राहिलं नाही. पण ती सगळी चादर एकदम मेली, टाकीतच कुजली, आणि त्या कुजक्यावर दुसरेच जिवाणू पोसले. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरं झालं. मासे वर येऊन तोंड उघडून धापा टाकायला लागले. मी कॉलेजला दांडी मारली, हवेचे दोन पंप लावले, निम्मं पाणी बदललं. आबा सकाळपासून खुर्चीवरून उठले नाहीत. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "त्या दोन्ही तठे मरी राह्यनात आनि मी खाऊ?" मासे वाचले, नशीब. आणि दहा दिवसांनी लाल चादर पुन्हा उगवली.

त्या आठवड्यात एक दिवस कॉलेज लवकर सुटलं आणि मी ऐन जेवणाच्या वेळी घरी आले. आबांचं ताट टेबलावर होतं, कळण्याची भाकरी आणि वर तेल-तिखट. आबा ताटाजवळ नव्हते. ते टाकीसमोर उभे होते. भाकरीचा तेलात बुडवलेला घास त्यांनी झाकणाच्या फटीतून आत सोडला, हात जोडले, आणि मग जेवायला वळले.

गायीचा घास. गावी त्यांच्या दारात गाय होती, आणि पहिला घास तिला दिल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी तोंडात अन्न घातलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर गाय कुठली येणार? घरात मुकं जनावर म्हणावं तर हे दोन मासेच. म्हणून दोन्ही वेळचा घास त्यांना. ज्वारी आणि उडदाची भाकरी, वर तेल.

हे मला आज उमगतं. तेव्हा फक्त डोकं फिरलं. "आबा! तुम्ही मारताय त्यांना! तुम्हीच!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचं दार उघडलं. दगडामागे हात घातला तर मूठभर लगदा हाती आला. तो मी त्यांच्यासमोर ताटात आपटला. त्यांच्या जेवणाच्या ताटात.

संध्याकाळी आबांनी गावी पुतण्याला फोन लावला. "कापूस येचाई गया का गाडी लई ये. माले लई जाय." पलीकडून तो काहीतरी विचारत असावा. "नही रे, कोनी काही बोलनं नही. मन्हा हातखाले जीव मरतस, म्हनीसन."

मला माझीच लाज वाटली. ज्या माणसासाठी ही टाकी जगवायची, त्यालाच मी टाकीपायी घालवायला निघाले होते. रात्रभर तेच मनात घोळत राहिलं. माफी कशी मागावी हेही कळेना, कारण आमच्या घरात सुनेने सासऱ्याची माफी मागायची तर पायाच पडावं लागतं, आणि पाया पडले असते तर आबांनी आशीर्वाद देऊन विषय मिटवला असता आणि गेलेच असते.

सकाळी चहा घेऊन मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. "आबा, काल मी चुकले. पण एक ऐका. तुमचा घास मासे खात नाहीत. तो दगडामागे जाऊन कुजतो, आणि ते कुजलेलं खाऊन हे लाल वाढतं."

त्यांनी वाकून दगडामागे पाहिलं. "म्हंजे खत जास्ती व्हयी गयं?"

"हो. खतच म्हणा."

"मंग हाई तन शे." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आनि तू काय करं? खत तसंच, आनि वरथून तननाशक मारं! पोरी, तुले शेती कोनी शिकाडी व?"

निम्मी हयात रसायनं हाताळलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. आणि त्यात एक अक्षर चूक नव्हतं.

पुतण्याचा कापूस अजून वेचायचा होता. माझ्या हाताशी तेवढेच दिवस होते. मी म्हटलं, "मग तुम्ही शिकवा. जाईपर्यंत तरी."

आबांनी निंदणी काढली. रोज सकाळी पंप बंद करून, बाह्या सारून, हात कोपरापर्यंत पाण्यात. हिरवे केस चिमटीत धरून मुळापासून उपटायचे, जुन्या टूथब्रशने दगड घासायचा, आणि सुटलेलं सगळं मी नळीने ओढून बादलीत घ्यायचं. जेवढं पाणी जाईल तेवढं नवं खारं पाणी घालायचं. लाल चादर नेहमी उजव्या कोपऱ्यातच का धरते, हे मी पुस्तकांत शोधत होते. आबांनी पाण्यात बोट धरून सांगितलं, "आठे पानी फिरतच नही." मी पंपाचं तोंड तिकडे वळवलं. मग उजेडाअभावी उरलंसुरलं वाढू नये म्हणून तीन दिवस टाकीवर गोधडी टाकून अंधार केला. आबा तीनही दिवस गोधडीकडे तोंड करून बसले.

आणि घास? सोसायटीच्या मागे दोन गल्ल्या सोडून एक गोठा निघाला. आबा पहिल्या दिवशी काठी टेकत गेले ते तासाभराने परतले. गोठेवाला बोदवडकडचा, आणि त्याच्या गायीला आबांनी सांगितलेला पाला आता चालू होणार होता. दोन महिने खाली न उतरलेला माणूस मग दिवसातून दोनदा जिना उतरायला लागला.

चौथ्या आठवड्यात तपासणीच्या नळीत फॉस्फेटचा निळा रंग जवळजवळ चढलाच नाही. मी तीनदा तपासलं आणि एकटीच स्वयंपाकघरात नाचले. वाळू पांढरीशुभ्र, काच अशी की आहे की नाही कळू नये, आणि दगडांवर जांभळी खरखरीत पुटं धरायला लागलेली. टाकी निरोगी असल्याशिवाय ती धरत नाहीत. मीठ पोचवायला आलेला दुकानदार बघतच राहिला. "मॅडम, कोणतं औषध वापरलं?"

"औषध कसानं?" आबा म्हणाले. "निंदनी करी." आणि त्याला बसवून खताच्या मात्रेवर अर्धा तास सुनावलं. मी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

त्या रविवारी पुतण्या गाडी घेऊन आला. चहा झाला, गावाकडचं बोलणं झालं. आबांना थांबा म्हणायचा हक्क मी त्या ताटापाशी घालवून बसले होते. पुतण्या उठला. "चला आबा, उशीर व्हयी जाई."

आबांचा हात टाकीत होता. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "तू जाय," ते म्हणाले. "माले आठे काम शे." मग मला म्हणाले, "पोरी, नळी धर."

मी नळी धरली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.